एन.आर. म्हणजे काय, ताई?

दुसऱ्या खेपेला नाव नोंदवायला आलेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. पहिल्या बाळंतपणाचं कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. ते उलटून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. “ताई, हे एन.आर. म्हणजे काय हो?”

ओळ एचआयव्हीची होती. एन.आर. म्हणजे नॉन-रिअॅक्टिव्ह, लागण आढळली नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या बोटाला सुई टोचून एचआयव्हीची चाचणी झाली होती, आणि ती कसली होती हे तिला आज कळत होतं. “मला वाटलं रक्त किती आहे ते बघतात,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, “माझी कशाला केली पण? आमच्यात नाही तसलं काही.”

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी चौदा वर्षं समुपदेशक आहे. आमच्या खोलीला कागदोपत्री ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ म्हणतात, तोंडी आयसीटीसी. एक टेबल, दोन खुर्च्या, कुलपाचं कपाट आणि आतून कडी लागणारं दार. या चौदा वर्षांत एन.आर.चा अर्थ मला किती जणींनी विचारला असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांनी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली कितीतरी वर्षं मीही सांगितलं नाही. बाहेर रांग असायची. “नॉर्मल आहे रिपोर्ट, काळजी करू नका,” एवढं म्हणून मी पुढचं नाव पुकारायची. ते चुकत होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपण बायकांची एचआयव्ही चाचणी भरपूर करतो, पण ती त्यांच्यासाठी करत नाही. पोटातल्या बाळासाठी करतो. बाळ जन्मलं की आपलं काम संपतं. आणि जिची चाचणी झाली तिला त्यातून दोन गोष्टी कळाव्यात, हे तर आपण कामातच धरलेलं नाही.

यात बाळाला वाचवण्याच्या कामाला कमी लेखायचं नाही. आईला लागण असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना ती होते. वेळेवर औषधं सुरू झाली तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. आपल्याकडे हा कार्यक्रम २००२ साली सुरू झाला, तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बाळाला थोडं औषध, एवढाच आधार होता. २०१४पासून लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला लगेच आणि कायमची एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, सुरू करायचं धोरण आलं. आज देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त गरोदर बायकांची ही चाचणी होते, उपकेंद्रातली सिस्टरसुद्धा ती करते. मी स्वतः निगेटिव्ह बाळं मोठी होताना पाहिली आहेत. अठरा महिन्यांची शेवटची तपासणी झाली की त्या आया पेढे घेऊन येतात. हे काम ज्यांनी उभं केलं त्यांना मी मनापासून मानते, आणि मीही त्यातलीच एक आहे.

पण याच यशाने एक आंधळी जागा तयार केली. पुरुषाला चाचणीपर्यंत आणणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत: ऑपरेशनआधीची तपासणी, क्षयरोग, ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगारांसाठीची शिबिरं. घरातल्या बाईसाठी मुख्य वाट एकच, गरोदरपण. आता महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण बाईचं आयुष्य बघा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लग्न, बावीस-तेविसापर्यंत दोन लेकरं, मग ऑपरेशन. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि ते बहुतेकदा तिशीच्या आत. त्या दिवसानंतर सरकारी यंत्रणा तिला एचआयव्हीबद्दल पुन्हा काही विचारत नाही. पुढे तिचा नवरा तीस वर्षं बाहेरगावी काम करो, ट्रक चालवो, ऊसतोडीला जावो किंवा नुसता शेजारच्या शहरात नोकरी करो. तिच्या कार्डावर शेवटचा शब्द एन.आर. असतो आणि तो कधीचाच शिळा झालेला असतो.

याच ऑपरेशनबरोबर आणखी एक गोष्ट संपते. आपल्या घरांत निरोध म्हणजे पाळणा लांबवायचं साधन. आजारापासून बचाव ही त्याची दुसरी ओळख नवरा-बायकोच्या खोलीत कधी पोहोचलीच नाही. त्यामुळे ऑपरेशन झालेल्या बाईने निरोधचं नाव काढलं की त्याचा एकच अर्थ निघतो: तिला नवऱ्यावर संशय आहे, नाहीतर नवऱ्याने तिच्यावर घ्यावा असं काहीतरी आहे. एका बाईने मला सरळ विचारलं होतं, “आता मूल होणार नाही, मग कशासाठी म्हणू त्यांना? काय तोंडाने म्हणू?” तिच्या नवऱ्याला लागण होती, तिला नव्हती. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिच्या घरात चालण्यासारखं नव्हतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, निरोध ९.५ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के असे आकडे आहेत. लोकसंख्येच्या चर्चेत ते नेहमी येतात. एचआयव्हीच्या चर्चेत मी ते कधी ऐकले नाहीत, आणि माझ्या मते त्यांची खरी जागा तिथेही आहे.

आता जाणिवेकडे येते. ‘एड्सचं नाव ऐकलं आहे का’ असं विचारलं तर आज बहुतेक बायका हो म्हणतात. म्हणून आपण समजतो की जागृती झाली. सर्वेक्षणात ‘सर्वंकष ज्ञान’ नावाची मोजणी असते, ती काही फार कठीण परीक्षा नाही. निरोधचा नियमित वापर आणि एकाच, लागण नसलेल्या जोडीदाराशी संबंध, यांनी धोका कमी होतो हे माहीत असावं. दिसायला धडधाकट माणसालाही एचआयव्ही असू शकतो हे माहीत असावं. आणि डास चावणं, एका ताटात जेवणं यांसारख्या दोन प्रचलित गैरसमजांना ‘नाही’ म्हणता यावं. एवढं ज्यांना सांगता आलं अशा बायका २०१५-१६च्या सर्वेक्षणात २०.९ टक्के होत्या. २०१९-२१च्या सर्वेक्षणात २१.६ टक्के. पुरुष ३०.७ टक्के, म्हणजे तेही फार पुढे नाहीत. मधल्या काळात हातोहाती मोबाइल आले, आणि बायकांचा आकडा एका टक्क्यानेही हलला नाही.

यातल्या ‘धडधाकट माणूस’ या मुद्द्यापाशी बायका सगळ्यात जास्त अडखळतात. जुन्या भित्तिचित्रांनी एड्सचा माणूस म्हणजे हाडांचा सापळा असं डोळ्यांत बसवलं. आज एआरटी घेणारा माणूस वजन राखून असतो, शेतात राबतो, वरातीत नाचतो. नवरा तब्येतीने बरा दिसतो, म्हणजे त्याला काही नाही, हे तिचं गणित. आणि दुसरं गणित, मी घर सोडून कुठे गेले नाही, म्हणजे मला काही नाही. “आमच्यात नाही तसलं” या तीन शब्दांत दोन्ही येतात.

हे दुसरं गणित चुकीचं आहे हे पुण्याने फार लवकर दाखवून दिलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. करोनाच्या दिवसांत रोज टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर तेव्हा पुण्यात एड्स संशोधनात होते. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यातल्या ३९१ देहविक्री करणाऱ्या नव्हत्या, बहुतेक लग्न झालेल्या आणि एका नवऱ्याशीच संबंध असलेल्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के बायकांना एचआयव्ही होता. १९९७ साली हा निबंध अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या बायका दुखणं घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा घराघराला लावता येणार नाही. पण त्यांना जे झालं ते नवऱ्याकडून झालं, एवढं तेव्हाच स्पष्ट होतं. त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली. आजही देशातल्या सुमारे २५ लाख बाधितांमध्ये बायका निम्म्याला थोड्याच कमी आहेत, आणि महाराष्ट्रात एकूण बाधित चार लाखांच्या घरात आहेत.

मग संदेश कुणाला गेले? आठवून बघा. २००२च्या सुमाराला मुंबईभर ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ असं विचारणारी पोस्टरं लागली होती. बोलणं पुरुषाशी होतं, आणि बाई त्यात आली ती आजार देणारी म्हणून. नवऱ्याकडून आजार मिळणारी बाई कुठल्या भिंतीवर दिसली? आणि ज्यांच्याशी आपण खरोखर बोललो, त्या शिकल्या. सांगलीत ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांच्या कामातून देहविक्री करणाऱ्या बायकांनीच आपल्या मैत्रिणींना निरोध वाटले, भांडून वापरायला लावले, पोलिसांशी आणि दवाखान्यांशी बोलायला शिकवलं. कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे या बायकांची दर सहा महिन्यांनी चाचणी व्हायची असते. त्यांच्यातली एखादी माझ्या खोलीत आली तर विंडो पिरियड, म्हणजे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, हे मला सांगावं लागत नाही, तीच मला तारखा मोजून दाखवते. तिच्यापासून चार किलोमीटरवर राहणारी, मंगळसूत्र घातलेली पदवीधर शिक्षिका विचारते, की पॉझिटिव्ह बाईच्या हातचा डबा खाल्ला तर चालेल का. हा फरक बुद्धीचा नाही. एकीला आपण माहिती द्यायची गरज मानली, दुसरीला ती देणं म्हणजे तिचा अपमान मानला.

शाळेतही तेच केलं. २००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली गुंडाळला गेला. त्या वर्षी नववीत असलेल्या मुली आज तिशी ओलांडून गेल्या आहेत. एन.आर.चा अर्थ न कळता दोन-दोन बाळंतपणं उरकलेल्या बायकांमध्ये त्या आहेत.

न कळण्याची किंमत कशी चुकवावी लागते ते सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी येते आणि तिथल्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या पुन्हा होतात. अशाच एका मुलीची चाचणी आमच्याकडे पॉझिटिव्ह आली. तीन वेगवेगळ्या किटवर खात्री केली, मग तिला सांगितलं. सोबत तिची आई होती, बाहेर बाकावर. मुलीने पहिला प्रश्न बाळाचा विचारला. दुसरा विचारला, “आता यांना कसं सांगू?” तिसरा प्रश्न, हे मला कुठून आलं, तिने विचारलाच नाही. उत्तर तिला माहीत होतं, पण मानायचं नव्हतं.

सासरी कळलं. सासरचं म्हणणं एकच: इकडून गेली तेव्हा धडधाकट होती, माहेरी जाऊनच हे आलं. कागद तसाच बोलत होता. पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट तिच्या नावाचा, तोही माहेरच्या दवाखान्याचा. सासरी तिसऱ्या महिन्यात झालेल्या तपासणीचा कागद कुणाला सापडला नाही. जावई दोन महिने चाचणीला आला नाही. बाळंतपण झालं, मुलगी झाली, बाळाला औषध सुरू झालं. शेवटी मुलीच्या धाकट्या भावाला मेहुण्याच्या मोटरसायकलच्या साइड बॉक्समध्ये एक पांढरी बाटली मिळाली. लेबल नखाने खरवडलेलं. गोळ्यांचा खुळखुळ आवाज येऊ नये म्हणून आत कापूस भरलेला. ती बाटली त्याने माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी लगेच ओळखली, तशाच बाटल्या आमच्या कपाटात रांगेने असतात. नवरा लग्नाच्या आधीपासून दुसऱ्या जिल्ह्यातून गोळ्या आणत होता, पण कधी घ्यायचा, कधी महिना-महिना घ्यायचाच नाही.

त्याला राक्षस ठरवायला मी हे सांगत नाही. त्यालाही कुणीतरी भीतीच शिकवली होती. गोळ्या नियमित घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. २०११ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्या अभ्यासाच्या केंद्रांमध्ये आपलं पुणेही होतं. म्हणजे हा माणूस नीट गोळ्या घेत, बायकोला सांगून, डॉक्टरांच्या सल्ल्याने संसार करू शकला असता, बाळही होऊ देऊ शकला असता. हे ज्ञान ज्या शहरात तयार झालं तिथून दोनशे किलोमीटरवरच्या त्याच्या घरी पोहोचलं नव्हतं. पोहोचली ती लपवाछपवी.

जिची चाचणी आधी होते, दोष तिचा ठरतो. आणि चाचणी आपण तिचीच आधी करतो, कारण गरोदर ती असते. म्हणून माझी पहिली मागणी अशी, की नाव नोंदणीच्या पहिल्या भेटीतच नवऱ्याच्या चाचणीचा विषय निघावा आणि दोघांचं रक्त शक्यतो एकाच दिवशी घेतलं जावं. सध्या सोबत येते सासू किंवा जाऊ, नाहीतर आशाताई. नवरा आला तरी फाटकाबाहेर लिंबाखाली गाडीवर बसून असतो. रजिस्टरमध्ये पतीच्या तपासणीची नोंद करायला जागा आहे. तिथे आम्ही लिहितो ‘बाहेरगावी’. बायको पॉझिटिव्ह आली तरच त्या माणसाला आत बोलावलं जातं, आणि तेव्हा तो आरोपी असल्यासारखा येतो किंवा येतच नाही. बायको निगेटिव्ह असतानाही त्याला बोलावण्याची रीत पडली, तर त्या बोलावण्यातला डंख जाईल.

इथे मला सावध राहावंसं वाटतं. नवऱ्याला सक्ती केली तर भोगते बाईच. टांझानियात गरोदर बायकांनी नवऱ्याला सोबत आणावं असा आग्रह धरला गेला, तेव्हा एकट्या आलेल्या बायकांना ताटकळत ठेवल्याचे किंवा परत पाठवल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. ऊसतोडीच्या मोसमात आमच्याकडे निम्म्या बायका एकट्या येतील. म्हणून आमंत्रण हवं, अट नको. आणि बाईच्या परवानगीशिवाय काहीही नको. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही, हे त्यात लिहिलं आहे. जोडीदाराला कळवण्याची तरतूदही आहे, पण तिला एक महत्त्वाचा अपवाद आहे: कळवल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल, जिवाला धोका होईल अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर कळवायचं नाही. हे कलम लिहिणाऱ्यांना आपली घरं माहीत होती. दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता असतो तसा हा अपवाद मोठ्या अक्षरात का नसतो, हे मला कळत नाही.

सक्तीचा विषय निघाला की लग्नाआधीची चाचणी कायद्याने बंधनकारक करा, ही सूचना येतेच. गोव्यासारख्या राज्यात ती वरचेवर डोकं वर काढते आणि मुलींचे आईवडील ती पोटतिडकीने मांडतात. त्यांची काळजी मला समजते, वरच्या गोष्टीतल्या मुलीला अशी चाचणी वाचवू शकली असती असं कुणीही म्हणेल. तरी मी विरोधात आहे. जो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून गोळ्या आणून लेबल खरवडतो, तो पाचशे रुपयांत निगेटिव्ह कागदही मिळवेल. नुकतीच लागण झालेल्याचा रिपोर्ट सुरुवातीच्या काळात निगेटिव्ह येऊ शकतो. शिवाय लग्नाच्या दिवशीचं प्रमाणपत्र पुढच्या तीस वर्षांची हमी म्हणून कपाटात जाईल आणि बाई पुन्हा कधी विचारणार नाही. आणि पॉझिटिव्ह निघाली ती मुलगी असली तर? मुलाचं लग्न दुसरीकडे जमेल, तिचं नाव अख्ख्या पंचक्रोशीत जाईल. दोघांनी आपखुशीने, हातात हात घालून येऊन चाचणी करावी, याची मी वर्षानुवर्षं वकिली करते. फौजदाराच्या धाकाने मात्र नाही.

त्याच कायद्यात एक कलम आहे ज्याकडे कुणाचं लक्ष नाही. लग्नाआधी एचआयव्हीबद्दलची माहिती कशी द्यायची याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने ठरवून सगळीकडे पोहोचवायची आहेत. चाचणी करायची नाही, माहिती द्यायची. माझ्या ओळखीत गेल्या काही वर्षांत पाच-सहा नोंदणी विवाह झाले. सगळ्यांना मी मुद्दाम विचारलं. आधार कार्ड, साक्षीदार, फोटो, फी, सगळं मागितलं गेलं. ही माहिती एकालाही मिळाली नव्हती. नवे कायदे मागण्याआधी हे एक कलम राबवा. दोन पानांचं साध्या मराठीतलं पत्रक आणि त्यावर मोफत हेल्पलाइनचा १०९७ हा क्रमांक, एवढ्याने सुरुवात होते.

दुसरी मागणी वाटांची. चाळिशीतल्या बाईला गरोदरपणाशिवाय दुसरं दार द्या. तिशीपुढच्या बायकांसाठी आता आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी असते. तिथेच एचआयव्हीच्या चाचणीबद्दल विचारावं. त्याला वैद्यकीय कारण आहे: एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग होण्याचा धोका साधारण सहा पट असतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून जी बाई येते, तिला गोळ्यांचं पाकीट देताना विचारावं. बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड बायका कमी वयात पिशवी काढून घेतात, तेव्हा ऑपरेशनआधी रक्त तपासलं जातंच. ते कशाकशासाठी तपासलं आणि काय निघालं, हे तिला सांगावं. गुप्तता मात्र खरी हवी. उपकेंद्रात बसणारी आशाताई बऱ्याचदा हिचीच जाऊ किंवा भावकीतली असते, तिथे ही बाई तोंड उघडणार नाही. तिला शेजारच्या तालुक्यात जायची मुभा आहे, भाडं मोडून ती जातेही, हे मान्य करून सोय करावी.

आणि तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आहे. निगेटिव्ह आलेल्या बाईशी पाच मिनिटं बोला. पॉझिटिव्ह आलेलीसाठी आमच्याकडे सगळी व्यवस्था आहे: समुपदेशन, एआरटी केंद्र, पाठपुरावा, फोन. निगेटिव्ह आलेल्या कोट्यवधी बायका मात्र खोलीतून तशाच परत जातात. एचआयव्हीबद्दल कुणी त्यांच्याशी एकांतात, दार लावून बोलेल असा आयुष्यातला बहुधा तो एकमेव प्रसंग असतो आणि आपण तो “नॉर्मल आहे” म्हणून दवडतो. पैसे खर्चून सुई टोचली, किट वापरलं, नोंद केली, आणि बोलायचं तेवढं राहिलं. नव्या लागणी २०१०च्या तुलनेत देशात चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाल्या आहेत, मग आता इतकं कशाला, असं म्हणणारे अधिकारी मला भेटतात. कमी झाल्या त्या बोलल्यामुळेच झाल्या, फक्त आपण काही जणींशीच बोललो.

गेली चार-पाच वर्षं मी हे बोलणं सोडलेलं नाही. गरोदरपणाची चाचणी आणि ही चाचणी, दोन्ही किट मी टेबलावर शेजारी ठेवते. दिसायला जवळजवळ सारखीच, पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी आणि मधे खिडकी. बायका पहिलं लगेच ओळखतात, दोन रेषा म्हणजे दिवस गेले. मग मी दुसरं दाखवते. इथे आज एकच रेषा आहे, म्हणजे आजच्या दिवशी काही आढळलं नाही. उद्याचं ही पट्टी सांगत नाही. उद्याचं तुमच्या दोघांवर आहे. कुणी हसतात, कुणी पदर तोंडाला लावतात. पण निघताना दारापाशी थांबून बऱ्याच जणी काहीतरी विचारतात, आणि ते बहुतेकदा बहिणीसाठी किंवा जावेसाठी असतं.

गेल्या आठवड्यात सत्तेचाळीस वर्षांची एक बाई एकटी आली. पंचवीस वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं, नवरा निम्मं आयुष्य गाडीवर. फॉर्म भरताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, कुणी पाठवलं? डॉक्टरांनी, सिस्टरने, आशाताईने? “कुणी नाही,” ती म्हणाली, “भाचीने सांगितलं तू काय दाखवतेस ते. मीच आले.” मी रकान्यात ‘स्वतःहून’ लिहिलं. रिपोर्ट एन.आर. आला. त्याचा अर्थ तिला सांगितला, तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं, नवऱ्याला आणता आलं तर बरं म्हटलं. ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि मग पुन्हा बसली. मुलीचं लग्न ठरत होतं. त्या दोघांना घेऊन आले तर चालेल का, मुलगा तयार होईल असं वाटतं, पण इथे कुणी काही बोलणार तर नाही ना त्यांना?

म्हटलं, चालेल. दोघांनाच आत पाठवा, तुम्ही बाहेर बाकावर बसा. पैसे लागत नाहीत, दुपारी दोनच्या आत या.